साडेसातशेला एकवीस कमी

लेकीने मित्रमंडळींसाठी पॅटिस करायचा घाट घातला आणि पफ पेस्ट्रीची गोठवलेली पाकिटं आणली. वाटीने गोल पाडले, सारण भरलं, भाजले. मुलं आली, खाऊन गेली. ओट्यावर उरल्या त्या वाटीत न बसलेल्या कडा. चंद्रकोरी, त्रिकोण आणि भूमितीने हात टेकावेत असे काही तुकडे. लेक ते डब्यात टाकायला निघाली, तेवढ्यात बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "काय टाकतेयस गं?" त्यांना हल्ली दारावरची बेल ऐकू येत नाही.

आमच्याकडे अन्न टाकत नाहीत. शिळी पोळी कुस्करून फोडणीला जाते, रात्रीच्या आमटीत सकाळी कणीक भिजते. थालीपिठात काय काय गेलंय हे न विचारणं, हा घरातला शिष्टाचार आहे.

तेव्हा मी पदर खोचला. करंजीच्या कातलेल्या कडांचं आपण जे करतो तेच केलं. निम्मे तुकडे गोळा केले, चांगले मळले, लाटून पट्ट्या कापल्या आणि ओव्हनमध्ये ढकलल्या. त्यातली एक पट्टी सध्या गॅलरीच्या दाराला पाचर म्हणून लावली आहे. दार आता आपटत नाही.

"मळलंस?" लेक किंचाळली. मग माझी शिकवणी झाली. पिठात लोणी गुंडाळायचं, लाटायचं, तीन पदरी घडी घालायची, गार करायचं, पुन्हा लाटायचं. अशा सहा घड्या. म्हणजे लोण्याचे थर 729. साडेसातशेला एकवीस कमी! भाजताना पाण्याची वाफ होते, ती एकेक पदर वर उचलते आणि मधलं लोणी पदर एकमेकांना चिकटू देत नाही. "तू सगळं एकजीव करून टाकलंस," ती म्हणाली. 'छान एकजीव झालंय' ही आजवर मला शाबासकी वाटत होती.

फ्रेंच लोक या कातरणांना 'रोन्यूर' म्हणतात, हेही तिनेच सांगितलं. नखं कापल्यावर जे उरतं त्यालाही तिकडे हाच शब्द. ही माहिती खाण्याआधी मिळाली नसती तरी चाललं असतं.

सासूबाई एवढा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "साटा लावलेल्या पोळ्या कुणी मळतं का गं? चिरोटे कधी केले नाहीस?"

केले होते. दर दिवाळीला. तूप आणि तांदळाचं पीठ फेसून केलेला साटा पोळ्यांना लावायचा, एकावर एक ठेवून वळकटी करायची, कापून अलगद लाटायचं आणि तळायचं. मळायचं नाही. डोक्यात दोन कप्पे असले की असं होतं. चिरोटे फराळाच्या कप्प्यात, पेस्ट्री इंग्रजीच्या.

उरलेले निम्मे तुकडे फ्रिजमध्ये गार होते. ते एकावर एक रचले, दाबले आणि हलक्या हाताने लाटले. काही पट्ट्यांवर जिरं आणि जाडसर मिरपूड, काहींवर तीळ, काहींवर किसलेलं चीज. सासूबाईंनी मेतकूट पुढे केलं. ते वरून भुरभुरलं तर करपतं (चार पट्ट्या गेल्या), म्हणून पट्टी दुमडून आत घातलं. मग पीळ दिला आणि 200 अंशांवर साधारण पंधरा मिनिटं, सोनेरी होईपर्यंत. पीळ वाकडेतिकडे फुगले, पण फुगले! चीजच्या पट्ट्या बऱ्या झाल्या. मेतकुटाच्या मात्र मी दोन लपवून ठेवल्या.

नवरा ऑफिसातून आला. एक पट्टी उचलून त्याने ती चहात बुडवली, खाल्ली आणि म्हणाला, "खारी कुठून आणलीस? आपल्या बेकरीची नाही वाटत."

लेक उठून आत गेली. सासूबाईंनी बशीत, टेबलावर आणि त्याच्या शर्टावर पडलेला चुरा तळहातावर गोळा केला आणि एका लहान डब्यात भरून ठेवला. त्याचं काय करायचं, ते अजून सांगितलेलं नाही.