इंजिनाचं माहेर

जुन्या पिकअपचं इंजिन बसलं की अमेरिकेत कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं: साडेतीनशे टाका. साडेतीनशे म्हणजे शेवरोलेचं 350 घनइंची व्ही-एट. 1967 सालच्या कमारोत ते पहिल्यांदा आलं, आणि तेव्हापासून जिथे जिथे बॉनेट उघडतं तिथे तिथे कुणी ना कुणी ते बसवून पाहिलेलं आहे. सल्ला देणाऱ्याने गाडी बघितलेली असावीच असं नाही.

ओहायोतल्या आमच्या शेजाऱ्यांची गाडी 1951 ची, शेवरोले 3100. मूळ इंजिन 216 घनइंचांचं, ओळीत सहा सिलिंडर, ताकद नव्वदीच्या घरात. कनेक्टिंग रॉडच्या बुडाला चमचे असतात. क्रँक फिरला की ते ऑइल उपसतात आणि आपली बेअरिंगं आपणच भिजवून घेतात. ही बेअरिंगं पुडीत मिळत नाहीत, रॉडमध्ये वितळलेला बॅबिट धातू ओतून घडवावी लागतात, आणि ओतणारा कारागीर आता शोधावा लागतो. स्टार्टर पायाने दाबायचा. बॅटरी सहा व्होल्टची. ताशी पंचेचाळीस मैलांपर्यंत सगळं सुखाचं चालतं, त्यापुढे इंजिन बोंब मारायला लागतं. असं इंजिन शेवटी थकलं, यात त्याची काय चूक?

शेजाऱ्यांच्या मुलाचं मत एलएसला, म्हणजे शेवरोलेच्याच नव्या पिढीतल्या व्ही-एटला. भंगारात निघालेल्या सिल्व्हराडोचं 5.3 लिटरचं इंजिन काढायचं आणि इथे बसवायचं. ताकद एकदम तिप्पट. बोलायला सोपं आहे. पण हे इंजिन एकटं नांदायला येत नाही, अख्खं माहेर घेऊन येतं. त्याला स्वतःचा कॉम्प्युटर लागतो, वायरिंगचं जाळं लागतं, बारा व्होल्ट लागतात आणि दाबाने पेट्रोल देणारा पंप लागतो. टाकी तर या गाडीत केबिनमध्येच, सीटच्या पाठीमागे! ते जुळवलं की ड्रम ब्रेक बिचारे दिसायला लागतात, म्हणून पुढे डिस्क. मग मागचा एक्सल, मग गिअरबॉक्स, मग स्टिअरिंग. एकेक करत मूळ गाडीचं उरतं ते पत्रा आणि हॉर्न. मुलगा म्हणतो, हॉर्नही बदलू.

मी एकदा विजेचा विषय काढून पाहिला. फोर्डने 2021 साली जुन्या एफ-100 मध्ये विजेच्या मोटारी घालून दाखवल्या होत्या, आणि तसली मोटर 3,900 डॉलरला सुटी विकायलाही काढली होती, अर्थात बॅटरीशिवाय. शेवरोलेत फोर्डची मोटर! शेजारी इतके गप्प झाले की त्यांच्या पत्नीने आतून पाणी आणलं.

मला विचाराल तर (विचारत कुणी नाही, पण चहा माझ्याकडचा असतो) घालायचं 235. याच घराण्यातला थोरला भाऊ. 1954 पासून पिकअपमधल्या 235 ला रॉडपर्यंत दाबाने ऑइल जायला लागलं, चमच्यांची उपसाउपशी थांबली, ताकद 112 झाली. वॉटर पंपाची थोडी जुळवाजुळव करावी लागते, बाकी ते त्याच जागेत बसतं, आणि मुख्य म्हणजे आवाज तोच राहतो. व्ही-एटचा आवाज रुबाबदार असतो हे मान्य, पण या गोल गालांच्या गाडीतून तो निघाला की कुणीतरी डबिंग केल्यासारखं वाटतं. शिवाय या गाडीला जायचंय कुठे? हार्डवेअरच्या दुकानात, खताची दोन पोती आणायला. तिथे ताशी शंभर मैलांनी पोचून करायचं काय?

शेवटी 235 वर एकमत झालं. इंजिन सापडलं, आलं, आणि आता ते गराजमध्ये स्टँडवर आहे. मात्र त्यावर एक कार्ब्युरेटर ठेवायचा की दोन, यावरून बाप-लेकाचं बोलणं बंद आहे. निरोप मी पोचवतो.