दिसला नाही पाहिजे

शिरूर ते दौंड या पट्ट्यात लग्नसराईत घाई दोघांनाच असते: उसाच्या ट्रॅक्टरला आणि ब्युटिशियन ताईंच्या स्कूटीला. सकाळी घोडनदीकाठी एक नवरी उरकायची आणि न्हावरे-चौफुल्यावरून संध्याकाळी दौंडात दुसरी गाठायची. पायापाशी ‘व्हॅनिटी’ नावाची पेटी. तिला हात लावायची कोणाची छाती नाही.

माझ्या भाचीच्या लग्नात या ताईंशी गाठ पडली. पॅकेजं तीन: साधं, एचडी आणि ‘नॅचरल ग्लो’. तिसरं सगळ्यात महाग. “यात मेकअप केलाय हे कळतच नाही,” ताई म्हणाल्या. जे कळणारच नाही त्याचे जास्त पैसे, हे त्यांनी आमच्या दाजींना पटवलं. तेही कोथिंबिरीच्या जुडीसाठी अर्धा बाजार फिरणाऱ्या दाजींना!

काम मात्र बघत राहावं असं. चेहरा धुऊन मॉइश्चरायझर, मग ते मुरेपर्यंत सक्तीचं मौन. क्रीम फाउंडेशन थेट गालावर नाही. आधी हाताच्या पाठीवर घोळवायचं, अंगाची ऊब लागली की मऊ पडतं. मग ओला करून घट्ट पिळलेला स्पंज. “घासू नका गं, टिपा. घर सारवताय का?” हे मदतनीस पोरीला. ब्लशही क्रीमचाच, गालाच्या हाडावर बोटाने. पावडर शेवटी, नाकाकपाळापुरती. आधी पावडर नि वर क्रीम, की पिठल्यात गुठळ्या झाल्याच.

घोटाळा हळदीने केला. आठ दिवसांपूर्वी जुळवलेली शेड आणि आदल्या संध्याकाळी पिवळी झालेली भाची यांचा मेळ बसेना. “एवढी हळद कोणी फासली?” ताईंनी विचारलं. चाळीस बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. ताई अर्धा तास हातावर दोन शेडा कालवत बसल्या. तेवढ्यात आत्याबाई आत डोकावल्या. “अजून पांढरी कर की. पैसे मोजलेत.”

“पांढरं पाहिजे तर तमाशातला सफेदा आणा!” ताई कडाडल्या.

मला वाटतं, तमाशाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. चेहऱ्याच्या या क्रीमची आजी म्हणजे रंगभूमीवरचा ग्रीसपेंट, आणि त्याच्या कांड्या बाजारात आणल्या लुडविग लाइखनर या जर्मन ऑपेरागायकाने. टाटांनी १९५२ साली काढलेली ‘लॅक्मे’सुद्धा एका फ्रेंच ऑपेराच्या नायिकेच्या नावाची, ते नाव म्हणजे आपली लक्ष्मीच. सगळा कारभार गाणाऱ्यांच्या घरचा. तेव्हा चौफुल्याच्या संगीतबाऱ्यांवरून जाताना ताईंनी स्कूटी जरा सावकाश न्यायला हरकत नाही. हे मी मनातच म्हटलं. त्यांच्या हातात स्पंज होता.

मुहूर्त बारा पस्तीसचा होता. लग्न सव्वा वाजता लागलं. दोष भटजींवर गेला.

संध्याकाळी दौंडात रिसेप्शन. भाचीचं टचअप झालं आणि ताईंच्या हातावर थोडं क्रीम उरलं. “वाया कशाला?” म्हणत त्यांनी ते माझ्या डोळ्यांखाली टिपलं. मी नको-नको म्हणेपर्यंत गालही झाले. शरमेने मी मंडपात खांबाआड उभा राहिलो.

पहिला पाहुणा आला, निरखून म्हणाला, “मामा, चष्मा बदलला काय?” दुसरा म्हणाला, “शुगर कंट्रोलमध्ये आलेली दिसतेय.” तिसऱ्याने तर मी गावाला राहायला गेलो का, असं विचारलं.

मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी लांबूनच हाताची पाची बोटं दाखवली. मला वाटलं आशीर्वाद. दाजी कानाशी येऊन म्हणाले, “पाचशे म्हणतायत.”