उखाण्यातली गाडी

आमच्या गाडीचा गिअरबॉक्स चौथ्यांदा गेला तेव्हा थोरले काका एवढंच म्हणाले, ‘तरी मी सांगत होतो, शनिवारी गिअर ऑइल बदलू नका.’

तेल बदललं होतं गुरुवारी. वहिनीने गॅरेजची पावती काढून दाखवली. काकांनी चष्मा कपाळावर चढवून ती वाचली, घडी घालून खिशात टाकली आणि म्हणाले, ‘गुरुवारी अमावास्या होती.’ गाडीत तेव्हा नऊ माणसं होती (पासिंग सातचं आहे). ‘कंपनीचा मालच खराब असेल’ असं म्हणण्याची एकाचीही हिंमत झाली नाही. मला तर सदर लिहिण्याचे पैसे मिळतात. मीही गप्प बसलो.

कंपनीचं नाव इथे लिहिणार नाही. संपादकांना वकिलाच्या नोटिशीची धास्ती आहे हे एक कारण, पण खरं कारण घरगुती आहे. पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, आणि घ्यायचंच झालं तर उखाण्यात घेत. आमच्या घरात कंपनीला तोच मान आहे. मागल्या हळदीकुंकवाला बायकांनी आग्रह केला तेव्हा आत्याने घेतलेला उखाणा असा होता :

खिंडीच्या चढावर दुसरा गिअर सुटला,
अमुकरावांचं नाव घेते, विश्वास नाही तुटला.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. नवरा कसाही असला तरी त्याला चारचौघींत नावं ठेवायची नाहीत, हा जुना नेम आम्ही आता वॉरंटीवरच्या मालाला लावला आहे.

आमचं गाव गागोदे बुद्रुक, तालुका पेण. बुद्रुक म्हणजे थोरलं आणि खुर्द म्हणजे धाकटं. गागोदे खुर्दही आहे, पण त्याबद्दल नंतर. याच गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे जन्मले. जग त्यांना विनोबा म्हणतं. १८ एप्रिल १९५१ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत त्यांना शंभर एकर जमीन दानात मिळाली आणि तिथून पुढे हा माणूस तेरा वर्षं देश पायाखाली घालत राहिला. त्यांच्या गावचे आम्ही, फाट्यावरून पावशेर साखर आणायला सात आसनी गाडी काढतो. ती बंद पडली की मगच विनोबांच्या मार्गाने जातो.

शिक्षणाची आपली प्रमाणपत्रं विनोबांनी आईच्या देखत जाळली होती. थोरल्या काकांनी मुदत संपलेलं वॉरंटी कार्ड लॅमिनेट करून घेतलं आहे. ते देव्हाऱ्याच्या शेजारच्या फळीवर असतं.

गिअरबॉक्स पहिल्यांदा गेला तेव्हा गाडीला वर्षही झालं नव्हतं. पेण-खोपोली रस्त्यावर गागोदे खिंड लागते. तिथे चढावर दुसरा गिअर आपोआप उडून न्यूट्रल व्हायला लागला. आठवडाभर घरात कोणी वाच्यता केली नाही. मग एक वहिवाट पडली. खिंड आली की डाव्या सीटवरच्या माणसाने दोन्ही हातांनी गिअरचा दांडा धरून ठेवायचा. पाहुणे आले की त्यांना मानाने तिथे बसवत. एक व्याही खिंड संपल्यावरही दांडा सोडेनात, त्यांना वाटलं गाडी अशीच चालते.

शेवटी गाडी शहरातल्या वर्कशॉपला नेली. तिथे काचेच्या खोलीत चहा मिळतो आणि जॉबकार्ड नावाचा कागद मिळतो. त्यावर एका मुलाने लिहिलं की गाडी हाफ क्लचवर चालवली जाते, म्हणजे वॉरंटी नाही. काका ओशाळून परतले. नातवाने वर्गात व्रात्यपणा केला म्हणून शाळेत बोलावणं आलेल्या आजोबांचा चेहरा असतो, तसा त्यांचा चेहरा होता.

पेणच्या फिटरने मात्र वेगळंच सांगितलं. गिअरबॉक्समध्ये पितळेची एक कडी असते, तिला सिंक्रो रिंग म्हणतात. दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरत असतात, त्यांना एका चालीवर आणून मग दात जुळू द्यायचे, हे तिचं काम. (घरातल्या मधल्या सुनेसारखं. दोन्हीकडची घासाघीस तिच्या अंगावर, आणि पोलाद शाबूत राहावं म्हणून झिजायचं तिनेच.) फिटर म्हणाला, ‘हाफ क्लचने क्लचप्लेट जाईल, काका. सिंक्रो कशी जाईल? आणि वर्षाच्या आत? माल कच्चा आहे.’

काकांनी फिटर बदलला.

दुसऱ्यांदा रोह्याला लग्नाला जाताना गेला. त्यात सांगण्यासारखं फार नाही. बेअरिंग होतं. दोन महिने घरघर येत होती आणि दोन महिने आम्ही टेप मोठ्याने लावत होतो.

तिसऱ्या वेळेला मात्र साक्षात गणपती गाडीत होते. पेणच्या मूर्ती देशभर आणि परदेशातही जातात. आम्हाला ती फक्त गागोद्यापर्यंत आणायची होती. मूर्ती मागच्या बाजूला, मागच्या दाराकडे तोंड करून ठेवलेली, चेहऱ्यावर रुमाल, भोवती नऊ माणसं आणि मांडीवर पापड-मिरगुंडांच्या पिशव्या. गावच्या फाट्यावर वळलो आणि पुढचा एकही गिअर पडेना. पहिला नाही, दुसरा नाही, पाचवा तर कोणी मागितलाच नव्हता. पडत होता फक्त रिव्हर्स. याचंही शास्त्र आहे. उलटा गिअर गाडी थांबल्यावरच टाकतात, म्हणून पुष्कळ गाड्यांत त्याला सिंक्रोच नसतो, आणि जे नसतं ते झिजत नाही. काकांनी गाडी फिरवून घेतली, मान मागे वळवली आणि उरलेली वाट रिव्हर्समध्ये कापली. पुढे लेझीम, मागे टाळ की मागे लेझीम, पुढे टाळ, हे पोरांना ठरवता येईना. गुरुजी दारात अक्षता घेऊन उभे होते, त्यांनी नियम तपासला. बाप्पा उलटे आले नव्हते. ते गाडीच्या मागच्या दाराकडे तोंड करून होते, म्हणजे घरात सरळच आले. उलटे आलो होतो ते आम्ही.

आरती झाल्यावर काका प्रसादाचा मोदक मोडत म्हणाले, ‘काही म्हणा, कंपनीने रिव्हर्स काय मजबूत दिलाय!’

त्या वर्षी दोष मुंबई-गोवा महामार्गाला गेला. तो सगळ्यांनाच सोयीचा आहे. त्याच्या चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं, आणि तेव्हापासून दर गणपतीआधी ‘यंदा पूर्ण’ ऐकत, दर गणपतीत त्याच खड्ड्यांतून गावी जाणारा कोकणी माणूस निष्ठेच्या बाबतीत कुठल्याही कंपनीने हेवा करावा असा गिऱ्हाईक आहे. नव्या फिटरने सांगितलं की खड्ड्यांनी सस्पेन्शन जातं, गिअरबॉक्स नाही. हा तिसरा फिटर होता. आता आम्ही चौथ्याकडे जातो. तो काही सांगत नाही, फक्त बिल देतो.

ही निष्ठा एका दिवसात येत नाही. आमच्या आधीच्या पिढीला ती सरकारने लावलेली सवय होती. बजाजच्या चेतकसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबलेला माणूस, स्कूटर दारात आल्यावर तिला नावं ठेवणार होता का? सुरू होईना म्हणून तिला एका कुशीवर कलती करायची, थोडं थांबायचं, मग किक मारायची, हे सगळं कौतुकाने करायचे. आजारी बाळाला खांद्यावर घेऊन थोपटावं तसं. टेम्पोचं बघा. बजाज टेम्पो कंपनीने २००५ साली स्वतःचं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. कंपनीने टेम्पो सोडला, मराठी माणसाने सोडला नाही. कुठल्याही कंपनीची मालगाडी असो, लग्नाचं सामान टेम्पोतच येतं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असायचा. ड्रायव्हर बायकोशी भांडून आल्यासारखा तो खालीवर करायचा आणि मागे बसलेला माणूस गाडीला शिव्या द्यायचा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३मध्ये ती रस्त्यावरून गेली, तेव्हा शिव्या देणारेच डोळे पुसत तिच्यासोबत फोटो काढत होते.

दुखणं आमच्यापुरतं नाही हेही मी काकांना सांगून बघितलं. मिनीव्हॅन म्हणजे अमेरिकेतल्या संसारी माणसाची बैलगाडी. क्रायस्लरने १९८९ सालापासून तिच्यात ‘अल्ट्राड्राइव्ह’ नावाचा संगणकी गिअरबॉक्स बसवला आणि तो सुरुवातीच्या वर्षांत चांगलाच बदनाम झाला. होंडाने एप्रिल २००४मध्ये अमेरिकेत ११ लाखांच्या आसपास गाड्या तपासणीला परत बोलावल्या. त्यांत ओडिसी ही मिनीव्हॅनही होती. कारण, दुसरा गिअर तापून मोडण्याची भीती. दोन्ही कंपन्यांच्या मिनीव्हॅन पुढेही वर्षानुवर्षं खपत राहिल्या. मला वाटलं, बोलावून घेणारी कंपनी आणि हाफ क्लच म्हणणारी कंपनी यांतला फरक काकांच्या लक्षात येईल. काकांनी त्यातलं ‘दुसरा गिअर’ एवढंच उचललं. चेहरा उजळला. म्हणाले, ‘म्हणजे तिकडच्या खिंडीही वाईटच असणार.’

पुतण्या कायदा शिकतो. त्याने एका रविवारी पडवीत कागद मांडले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. अलिबागला जिल्हा आयोग आहे. पाच ते दहा लाखांच्या मालाच्या तक्रारीला फी दोनशे रुपये. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. वकील लागतोच असं नाही. ‘आजोबा, आपण पहिल्या टोचनलाच याच्या दसपट पैसे दिले,’ तो म्हणाला. काकांनी सुपारी कातरणं थांबवलं. ‘घरातली भानगड अलिबागला नेतात का रे?’ पोराने कागद गोळा केले. दोन वर्षं तशीच सरली.

‘घरातली’ या शब्दापाशी मी बराच अडकलो. मग उलगडा झाला. काका खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झाले, फंडाचे पैसे आले आणि गाडी घ्यायचं ठरलं, तेव्हा धाकट्या काकांनी दुसऱ्या कंपनीचं नाव सुचवलं होतं. सभा ओटीवर झाली. शब्दाला शब्द लागला. थोरल्या काकांनी त्याच दुपारी जाऊन बुकिंग केलं आणि पेढे घेऊन आले. धाकट्यांनी पेढा खाल्ला नाही. पुढे वाटण्या झाल्या, धाकटे काका गागोदे खुर्दला घर बांधून राहिले आणि त्यांनी त्यांची ती दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली. आता हा गिअरबॉक्स वाईट निघाला, तर धाकटे बरोबर ठरतात. खुर्द बरोबर ठरतं. कंपनी गेली उडत. तिच्या मालकाला आमचं गाव नकाशावर सापडायचं नाही, आणि काकांनाही त्या मालकाचं नाव माहीत नाही. आम्ही सगळे जण इतकी वर्षं जो दांडा धरून बसलो आहोत तो एका दुपारी, एका ओटीवर काढलेल्या शब्दाचा आहे.

तर चौथ्यांदा. जागा तीच, गागोदे खिंड. दिवेलागणीची वेळ, नऊ माणसं, खोपोलीहून आणलेला नवा कोरा मिक्सर, आणि गिअरबॉक्समधून दगड भरडल्याचा आवाज. अमावास्येचा खुलासा झाला. चौथ्या फिटरचा फोन बंद. तासाभराने मागून दिवे आले, गाडी थांबली आणि आतून उतरले धाकटे काका.

दोघे भाऊ वर्षभर बोलले नव्हते. धाकट्यांनी आमच्या गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, खाली वाकून पडलेलं तेल बघितलं आणि नेमकं माझ्याकडे वळून विचारलं, ‘काय रे, तू पेपरात लिहितोस ना? कंपनी कशी काय आहे?’

हीच वेळ होती. सिंक्रो रिंग, हाफ क्लच, २००४ची ती ११ लाखांची गोष्ट, सगळं जिभेच्या टोकावर होतं. थोरले काका रस्त्याकडेला पाठ करून उभे होते. म्हातारे दिसत होते.

‘गाडी चांगली आहे हो,’ मी म्हणालो. ‘खिंड वाईट आहे.’

धाकटे काका काही बोलले नाहीत. डिकीतून दोर काढून त्यांनी स्वतः टोचन बांधलं. थोरले आमच्या स्टिअरिंगवर बसले, बाकीचे आम्ही पायी मागून. शंभर पावलं गाड्या चढल्या असतील. मग पुढच्या गाडीतून धूर निघाला आणि जळक्या क्लचप्लेटचा वास खिंडभर पसरला. धाकटे उतरले, बॉनेट उघडून उगाच आत बघत राहिले. थोरले हळूच जवळ गेले, चंची काढली, सुपारी पुढे केली.

‘तुझी गाडी चांगली आहे रे,’ थोरले म्हणाले.

‘हो ना,’ धाकटे म्हणाले. ‘चढच भलताय.’