चार बेस, चार टॉप

वसई-विरार पट्ट्यात लग्न ठरलं की बाप आचारी शोधतो आणि भाऊ साउंडवाला. हे भाऊ नात्याने कुणाचेच नसतात, पण आळीत एक तरी असतातच. "चार बेस, चार टॉप. छातीत धडधडलं नाही तर हळद कसली?" एवढं बोलून ते टेम्पो आणायला निघतात. मांडवात नवरदेवाआधी स्पीकरच्या भिंतीला नारळ फुटतो.

२००० सालच्या नियमांप्रमाणे वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, आणि दहानंतर उघड्यावरचे लाउडस्पीकर बंद. भाऊंना हे तोंडपाठ आहे, कारण दर हळदीला दहा वाजता पोलीस येतात. "साहेब, शेवटचं गाणं!" ते गाणं साडेअकराला संपतं. खिडकीतून एखादी आजी ओरडली की भाऊ हात जोडतात, "आजी, वर्षातून एकदाच!" आळीत लग्नाची पोरं चाळीस, ही बारीक गोष्ट. शेजारणीने सकाळी सहाला चटणीसाठी मिक्सर लावला, की मात्र भाऊ सेक्रेटरीचं दार वाजवतात.

हल्ली लोक पुटपुटतात, ही त्यांची नवी तक्रार. विरार फास्टमध्ये ते फोनवर बोलले की बोरिवलीच्या आत अख्ख्या डब्याला त्यांच्या घरचा रात्रीचा बेत कळतो. शेवटी वहिनींनी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. बारीक 'बीप' ऐकू आली की बटण दाबायचं. भाऊंनी बराच वेळ दाबलंच नाही. म्हणाले, "तुमचं मशीन बंद आहे."

डॉक्टरांनी हिशेब सांगितला: ८५ डेसिबल आठ तास, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पाव तास. आतल्या कानातल्या केसाळ पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. भाऊंनी टकलावरून हात फिरवला. एवढं त्यांना पटलं.

श्रवणयंत्र काही घेतलं नाही. चष्म्याने माणूस शिकलेला दिसतो, मशीनने म्हातारा, असं त्यांचं मत. दोन्ही कानांत ब्लूटूथ खुपसून ते हे सांगतात.

या लग्नसराईत भाऊंचं बोलावणं आलं तर जरूर जा, मटण उत्तम असतं. कापसाचे बोळे नेऊ नका, त्यांनी फारसं काही अडत नाही. मेडिकलमधून फोमचे इअरप्लग घ्या, आणि पोरांना भिंतीपासून लांब बसवा.