टोरांटोचा नगरसेवक आणि बाबांची पाच मिनिटं

ती. बाबा आणि आई यांस,


हे पत्र लेक, सून आणि नात अशा तिघांनी मिळून लिहिलंय. त्यामुळे यात 'मी' कोणीच नाही, मतं मात्र प्रत्येकाची आहेत.

'तिथला नगरसेवक कामाचा आहे का?' असं बाबांनी विचारलंय. असावा, पण दिसत नाही. चौकाचौकांत फ्लेक्स लागत नसल्यामुळे त्याचा वाढदिवस कधी असतो हेही वॉर्डात कुणाला ठाऊक नाही. 2021 च्या जनगणनेत साधारण 28 लाख वस्ती असलेल्या या शहराला नगरसेवक अवघे 25. पुण्यात 2017 साली 162 निवडून आले होते, म्हणजे मुंजी-बारशांना हजेरी लावायला तिथे पुरेसं मनुष्यबळ होतं. इथे एकेकाच्या वाट्याला लाखावर माणसं येतात.

ही संख्या आपसूक ठरलेली नाही. 2018 साली 47 वॉर्डांसाठी उमेदवारांनी अर्ज भरले, प्रचार सुरू झाला आणि मध्येच ऑन्टॅरिओ प्रांताचे मुख्यमंत्री डग फोर्ड यांनी कायदा करून वॉर्ड 25 वर आणले. कोर्टकचेरी झाली, आरडाओरडा झाला, पण मतदान ठरल्या दिवशीच पार पडलं. मार्च 2022 नंतर कित्येक वर्षं प्रशासकाच्या भरवशावर काढलेल्या पुणेकरांसाठी यातलं नेमकं काय वाईट आणि काय चांगलं, हे बाबांनीच ठरवावं.

शिवाय पालिकेच्या निवडणुकीत पक्ष नसतात. मग पक्षांतर कोण करतं, असं बाबा विचारणार. कोणीच करत नाही. त्यामुळे सकाळच्या पेपरात मजा नाही.

ती कसर 2023 साली भरून निघाली. महापौर जॉन टोरी यांनी राजीनामा दिला आणि जूनमधल्या पोटनिवडणुकीला 102 उमेदवार उभे राहिले. त्यातल्या एकाने आपल्या मॉली नावाच्या कुत्रीला मानद महापौर करण्याचं वचन दिलं होतं. बर्फ वितळवायला रस्त्यांवर जे बेसुमार मीठ टाकतात त्याने कुत्र्यांचे पंजे पोळतात, म्हणून मीठ कमी करा, हा मॉलीचा मुद्दा. सूनबाईंच्या मते 102 जणांत एवढा नेमका जाहीरनामा दुसऱ्या कुणाचा नव्हता. निवडून आल्या त्या ऑलिव्हिया चाऊ. पुढच्याच वर्षी घरपट्टी 9.5 टक्क्यांनी वाढली, तेव्हा लेकाने जेवणाच्या टेबलावर तासभर भाषण केलं.

भाषणच करू शकतो तो. पालिकेला मत द्यायला नागरिकत्व लागतं. कायमच्या रहिवाशांनी कर भरायचा आणि गप्प बसायचं. त्यांनाही मताधिकार द्यावा अशी मागणी इथल्या पालिकेने 2013 सालीच प्रांताकडे केली, पण प्रांताने ती अजून मनावर घेतलेली नाही.

आईने रॅकूनबद्दल विचारलंय. तोंडावर काळा पट्टा असलेला हा प्राणी रात्री ओला कचरा उपसतो. पालिकेने 2016 पासून खास कुलपाचे हिरवे डबे घरोघर वाटले. खर्च कोट्यवधी डॉलर. दोन वर्षांत एका रॅकूनबाईने तो डबा आडवा पाडून कुलूप फिरवल्याचं चित्रणच एका स्थानिक वर्तमानपत्राने दाखवलं. नात तिच्या बाजूने आहे.

आता जिन्याची गोष्ट. ती निघाली की या घरात अजूनही दोन तट पडतात. एटोबिको भागात टॉम रायली पार्क आहे. तिथल्या सामुदायिक बागेकडे जाणाऱ्या उतारावर लोक घसरायचे, म्हणून रहिवाशांनी पायऱ्या मागितल्या. पालिकेचा अंदाज आला 65 हजार ते दीड लाख डॉलर! 2017 साली एका निवृत्त मेकॅनिकने एका मदतनिसाला हाताशी धरून 550 डॉलरांत लाकडी पायऱ्या उभ्या केल्या. पालिकेने काय करावं? पिवळी पट्टी लावून वाट बंद केली. मग जिना उखडला आणि स्वतःचा बांधला, सुमारे दहा हजार डॉलरांत. मूळ अंदाज अवाच्या सव्वा होता, हे तेव्हाच्या महापौरांनीही मान्य केलं.

लेक म्हणतो, त्या म्हाताऱ्याचा जाहीर सत्कार करायला हवा होता. सून म्हणते, अजिबात नाही. कठडा डगमगता असता आणि त्यावरून पडून कुणी पाय मोडला असता, तर दावा पालिकेवर लागला असता आणि भरपाई आपल्या घरपट्टीतून गेली असती. यावर लेकाने विचारलं, मग 65 हजारांचे दहा हजार कसे झाले? सून म्हणाली, म्हातारा मध्ये पडला म्हणून. म्हणजे तिचं मत असं की जिना पाडला हे योग्य आणि त्याने बांधला हेही योग्य. नातीने हा निकाल मान्य केला आहे. लेकाने अपील राखून ठेवलं आहे.

बाबा, तुमच्यासाठी मात्र चांगली बातमी आहे. पालिकेच्या समितीपुढे कोणालाही बोलता येतं. आधी नाव नोंदवायचं, आपला विषय आला की उठायचं, साधारण पाच मिनिटं मिळतात. नगरसेवक समोर बसून ऐकतात, प्रश्नही विचारतात आणि शेवटी आभार मानतात. मताधिकार लागत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात पाहुणे म्हणून आलात तरी तुम्ही बोलू शकाल. सोसायटीच्या सभेत गेली कित्येक वर्षं तुम्ही जे पाण्याच्या टाकीवर बोलताय ते इथे चालणार नाही, पण फुटपाथवर नक्की बोलता येईल.

अडचण फक्त वेळेची. लोक फार असले तर पाचाची तीन मिनिटंही करतात. तेव्हा आईने रोज संध्याकाळी घड्याळ लावून तुमच्याकडून सराव करून घ्यावा. प्रस्तावनेत पानशेतचा पूर येता कामा नये.

बाकी क्षेम. तिकिटांचं लवकर कळवा, म्हणजे विषय पाहून ठेवतो.

आपली,
टोरांटोची मंडळी