दुप्पट वेगाचे रसिक

विरार फास्टच्या आमच्या डब्यात त्यांना सगळे नुसते 'सीए' म्हणतात. राहायला नालासोपाऱ्यात. खिडकी मिळावी म्हणून सकाळी उलटे विरारला जातात आणि त्याच गाडीने परत नालासोपाऱ्याला येतात. घर सोडून अर्धा तास झालेला असतो आणि ते असतात घरापाशीच. 'वेळ कुठाय हो!' म्हणायचा पूर्ण अधिकार या माणसाला आहे.

तरी रसिकता सुटलेली नाही. फक्त ती हल्ली मिनिटांत मोजली जाते. चर्चगेट 60 किलोमीटर, म्हणजे साधारण दीड तास. त्यात बसेल ती कलाकृती. 'सैराट' 174 मिनिटांचा. आधी त्यांनी तो दोन फेऱ्यांत विभागला : जाताना प्रेम, येताना संसार. पण संध्याकाळच्या गर्दीत फोन धरलेला हात वर निघेना, त्यामुळे संसार राहिला. मग शोध लागला, की फोनवर वेग दुप्पट करता येतो. 87 मिनिटं! एका फेरीत अख्खा सिनेमा, वर तीन मिनिटं शिल्लक. 'झिंगाट' दुप्पट वेगाने ऐकूनही ज्याची भुवई हलली नाही, असा माणूस मी हा एकच पाहिला.

पुस्तकं जाडीवर ठरतात. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' 1939 सालची, मराठीतली थोर कादंबरी. सीएंनी घेतली ती पातळ म्हणून. बॅगेत डबा आणि छत्रीच्या मधे नेमकी बसते. युरोपातून निघालेली तिच्यातली बोट अजून मुंबईला लागलेली नाही. सीए मात्र रोज चर्चगेटला लागतात. "शेवट दुःखी आहे ना? मग मार्चनंतर बघू," म्हणाले होते. मार्च गेला, जुलैची रिटर्नं आली, पाठोपाठ सप्टेंबरची ऑडिटं.

फादर दिब्रिटो 2020च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. आपल्या वसईतल्या नंदाखालचे, म्हणून त्यांचं 'सुबोध बायबल' घरी आलंच. ते जाड, तेव्हा निवृत्तीसाठी मुदत ठेवीत. दिवाळी अंकांचा संच मात्र दर वर्षी. 1909च्या 'मनोरंजन'पासूनची परंपरा टिकली पाहिजे, असं बजावतात आणि अनुक्रमणिका व राशिभविष्य वाचून ती टिकवतात.

उरलेला वेळ निवडण्यात जातो. ट्रेलर, परीक्षणं, किती तारे, किती भाग. वसईला सुरू झालेली निवड भाईंदरची खाडी ओलांडून अंधेरीपर्यंत चालते. तिथे फोनची बॅटरी संपते.

आणि मग सीएंची खरी करमणूक सुरू होते. शेजारचा कॉलेजचा पोरगा कानात बोंड्या घालून कोरियन मालिका बघत असतो. सीए त्याच्या खांद्यावरून बघतात. आवाज नाही, भाषा कळत नाही, मागचं-पुढचं ठाऊक नाही, वेगही साधाच. पण दादर गेलेलं त्यांना कळत नाही. एकदा तर डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी जागेवर बसायच्या आधी त्या पोराला विचारलं, "त्या मुलीच्या बापाने पैसे परत केले का रे?"

विरार फास्टमध्ये तुम्ही काही बघत असाल आणि मागून कोणी "जरा मागे घेता का?" म्हणालं, तर घ्या. हिशेब तपासणारा माणूस आहे. मधली नोंद सुटलेली त्यांना चालत नाही.