करून बघणारे अण्णा

बँकेतून निवृत्त झालेली पनवेलची माणसं सकाळी वडाळे तलावाभोवती फेऱ्या मारतात. आमचे अण्णा इतिहासात शिरले. तेही वाचायला नव्हे, करायला. "पुस्तकात छापलंय ना? मग आधी करून बघू," हे त्यांचं ब्रीद.

सुरुवात शाईपासून झाली. समईवर वाटी उपडी धरून काजळ धरलं, बाभळीचा डिंक वहिनींच्या मिक्सरमधून काढला. बोरू तासताना अंगठा कापला, तर रक्त पुसायच्या आधी अण्णा खूश! "त्या काळच्या कारकुनाचा अंगठा कसा असेल, हे कुठल्या ग्रंथात सापडेल का?" पुढे मोडीची चार अक्षरं काढली की बोरू कोरडा पडायला लागला. त्यातून सिद्धान्त निघाला, की जुनी माणसं शाईपायी आटोपशीर लिहीत. मी म्हटलं, "अण्णा, पुण्याच्या पेशवे दप्तरात लाखो कागद आहेत." अण्णा क्षणभर थांबले. "म्हणजे त्यांची शाई चांगली होती. डिंक वाढवू."

त्यांना हरवणं अशक्य, कारण फसलेला प्रयोगही ते वहीत मांडून ठेवतात.

मग चुना. पार्किंगमध्ये बादलीत कळीचा चुना विरवला. तो असा खदखदला, की वॉचमन गेटबाहेर. त्यात गूळ, हिरड्याचा काढा आणि उडदाचं पाणी घालून अण्णांनी कंपाउंडच्या भिंतीला गिलावा केला. भर जुलैत! चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश घट्ट होतो. पनवेलच्या पावसाला तेवढा धीर कुठला? मुंग्या तेवढ्या वेळेवर आल्या. "गूळ 'थोडा' घालावा म्हणतात. थोडा म्हणजे किती, ते गवंड्याच्या हातालाच ठाऊक," अण्णा म्हणाले, आणि इथे मात्र मला हसता येईना. हातातलं ज्ञान हाताबरोबरच जातं, आणि ते परत मिळवायचं तर कुणीतरी बादली खराब करायलाच हवी.

मोठ्या प्रमाणावर हेच गोव्यात झालं. अजिंठ्यातल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून, केरळच्या बाबू शंकरन यांच्या कारागिरांनी फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवून शिडाचं जहाज बांधलं. चित्रात जहाज दिसतं एकाच अंगानं. बाकीचं जुळवायचं कसं? आयआयटी मद्रासमध्ये प्रतिकृती पाण्यात घालून तपासली. मे २०२५ मध्ये कारवारला ते 'आयएनएसव्ही कौंडिण्य' म्हणून नौदलात दाखल झालं.

ही बातमी अण्णांनी वाचायला नको होती. गेल्या आठवड्यात गेलो तर हॉलभर काथ्या, गॅसवर राळ, आणि दिवाणाच्या सुट्या केलेल्या फळ्यांना अण्णा गिरमिटानं भोकं पाडताहेत.

"अहो, झोपायचं कुठे?" वहिनींनी विचारलं.

"होडीत," अण्णा मान वर न करता म्हणाले. "खलाशी कसे झोपत, तेही बघायचंच आहे."